तळ्याकाठी तंबू

तळ्याला प्रदक्षिणा घालण्याचं वेड कोल्हापूरच्या माणसाला बाहेरून कुणी लावावं लागत नाही. ते पाळण्यातच लागलेलं असतं. सकाळी वजन कमी करायला तो रंकाळ्याला एक फेरी मारतो, संध्याकाळी भेळ खाऊन तेच वजन परत मिळवायला दुसरी मारतो, आणि वर्षअखेरीला दोन्ही बाजू पैशापैशापर्यंत जुळतात. ताळेबंद जुळवण्याची इतकी निर्दोष पद्धत मला बँकेत वीस वर्षं काढूनही दुसरीकडे आढळलेली नाही.

त्यामुळे कॅनडातल्या माझ्या भाच्यानं मोटारसायकलवरून लेक सुपीरिअरला फेरी घातल्याचे फोटो पाठवले, तेव्हा आमच्या शाखेत जी खळबळ उडाली ती कौतुकाची नव्हती, ईर्षेची होती. हे सुपीरिअर म्हणजे साधं प्रकरण नव्हे. क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर. आपला अख्खा कोल्हापूर जिल्हा दहा वेळा त्यात सोडला, तरी पोहायला जागा शिल्लक राहते. काठाकाठानं रस्त्यानं गेलं तर फेरी साधारण २,१०० किलोमीटरची, आणि त्यात दोन ठिकाणी अमेरिका-कॅनडाची सरहद्द ओलांडावी लागते. दिवसा गाडी हाणायची, नाक्यावर पासपोर्ट दाखवायचा, रात्री काठावर तंबू ठोकून शेकोटीपाशी बसायचं.

“त्यात काय एवढं?” आमचा कॅशिअर म्हणाला. “आपल्याकडं काय तळी कमी हायत व्हय? दुसरा शनिवार धरून बुलेट काढूया की!”

कॅशिअरकडे बुलेट आहे. तिचा आवाज कोपऱ्यावर आला की दहा वाजून वीस मिनिटं झाली असं शाखेत समजतात. माझ्याकडे स्प्लेंडर आहे. मायलेजच्या बाबतीत ती बुलेटला लाजवते, बाकी सर्व बाबतींत बुलेट तिला लाजवते. तिसरा सभासद म्हणून कर्ज विभागातला नवा अधिकारी मिळाला, कारण त्याच्याकडे हप्त्यावर घेतलेला तंबू होता आणि हप्ते संपायच्या आत तो एकदा तरी उघडावा अशी त्याच्या बायकोची इच्छा होती.

तळं कुठलं, यावर जेवणाच्या सुट्टीत चार दिवस खल झाला. रंकाळा पहिल्याच फेरीत बाद. तिथं तंबू ठोकला तर पोलीस उठवतील, आणि त्यांनी नाही उठवलं तर ओळखीचे लोक. राधानगरी सगळ्यांना जवळची. शाहू महाराजांनी १९०९ च्या सुमारास त्या धरणाचं काम हाती घेतलं आणि गावाला आपल्या मुलीचं नाव दिलं. पावसाळ्यात ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ ही बातमी आली की आम्ही माळ्यावर सामान चढवायला लागतो. सात दरवाजे, तेही आपोआप उघडणारे, म्हणजे कुणाला शिव्या द्यायचीही सोय नाही. पण राधानगरी जिल्ह्याच्या पोटात. कॅशिअरचं म्हणणं पडलं की भाच्यानं सरहद्द ओलांडली, मग आपणही ओलांडली पाहिजे. दसऱ्याला चौकातल्या चौकात सोनं लुटून सीमोल्लंघन उरकण्याचे दिवस गेले.

म्हणून हिडकल ठरलं. घटप्रभा नदी आपल्याच सह्याद्रीत उगम पावते, चंदगड तालुक्यातून पलीकडे कर्नाटकात जाते आणि हुक्केरी तालुक्यात अडवली जाते. हे धरण १९७७ साली पुरं झालं. साठा पन्नासएक टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. (हा आकडा मी दोनदा तपासला. इतकी शून्यं आमच्या शाखेत फक्त थकबाकीच्या तक्त्यात दिसतात.) कोल्हापूरहून कागल, निपाणी, संकेश्वर, मग धरण. शंभर किलोमीटरच्या आतलं काम. तिथून पाच्छापूरच्या अंगानं वळसा घालून पुन्हा महामार्गाला लागलं की प्रदक्षिणा पुरी.

सरहद्दही अस्सल आहे. कागल मागं पडलं की दूधगंगेचा पूल आणि मग कोगनोळीचा नाका. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरआखणी झाली तेव्हापासून या नाक्यापलीकडच्या निपाणी-बेळगावबद्दल दोन राज्यांचा वाद चालू आहे. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तिथं तो आमच्यापेक्षा जास्त टिकेल असा रंग दिसतो. नाक्यावर पासपोर्ट लागत नाही हे खरं. पण २०२१ साली करोना नसल्याचा दाखला दाखवल्याशिवाय पलीकडे सोडत नव्हते, आणि वाद पेटला की दोन्हीकडच्या एस.टी. गाड्या आपापल्या हद्दीत माना घालून उभ्या राहतात. एमएच-०९ च्या गाडीनं केए-२३ च्या मुलखात तंबू ठोकायचा, यात भाच्याच्या सहलीइतकंच धाडस आहे असं आमच्या समितीचं एकमत झालं. निपाणीत तंबाखू स्वस्त मिळेल हा मुद्दा इतिवृत्तात घेतला नाही.

मग मी वही घातली. मी कॉमर्सचा पदवीधर. मला वही घातल्याशिवाय मजा येत नाही. तंबू, खुंट्या, दोरी, स्टोव्ह, बॅटरी, कांदा-लसूण चटणी, भडंग, पंक्चरचं सामान, पोटाच्या गोळ्या. पेट्रोलचे तीन भाग करायचे की मायलेजच्या प्रमाणात, यावर एक संपूर्ण गुरुवार गेला. सौ. म्हणाल्या, “तुम्ही जाणार कधी ते सांगा, म्हणजे मी माहेरी जाते. पण ही वही लिहून तुमचं जाऊन झालंय असं मला वाटतं.” बायकांना नियोजनातला आनंद कळत नाही. ठरवलेल्या सहलीत कधी पाऊस पडत नाही, पंक्चर होत नाही आणि बुलेट पहिल्या किकला चालू होते.

हे सगळं मामा ऐकत होते. मामा म्हणजे आमच्या शाखेचे शिपाई. मॅनेजरपासून खातेदारापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. चहाचे कप उचलता उचलता त्यांनी सहज विचारलं, “त्या तळ्याखाली गावं कुठली हायत, साहेब?”

वहीत तसा रकाना नव्हता.

मामांचं गाव अशाच एका धरणात गेलेलं. तेव्हा ते पोरसवदा होते. वडिलांनी बैलगाडीत भांडी भरली, आईनं चुलीतली राख पदरात बांधून घेतली आणि मंडळी दुसऱ्या तालुक्यातल्या माळावर आली. हे त्यांनी मला पूर्वी एकदा, क्लोजिंगच्या रात्री सांगितलं होतं. त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा कुठल्यातरी खात्यात फरक राहिला होता.

तर प्रश्न असा. सुपीरिअर सरोवर बर्फानं खणलं आणि बर्फानंच भरलं. त्याच्या काठी तंबू ठोकणाऱ्याला झोप लागायला हरकत नाही. हिडकलचं तळं माणसांनी भरलं, आणि ते भरताना माणसांना उठवलं. तिथं हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ आहे. पावसाळा लागला की ते पाण्यात जातं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की पुन्हा वर येतं. ज्या गावाच्या डोक्यावर पाणी आहे, त्या पाण्याकडे बघून ‘काय सुंदर देखावा आहे’ म्हणायचा आपल्याला अधिकार आहे का?

मी ज्या शास्त्राचा पदवीधर आहे, त्यात प्रत्येक जमेला एक नावे असतं. तळ्याच्या जमेला ऊस, वीज, पिण्याचं पाणी, आमची सहल. नावे कुणाच्या खात्यात? कागदावर ते नुकसानभरपाई म्हणून लिहून टाकतात. १९७६ साली आपल्या राज्यानं प्रकल्पग्रस्तांना जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचा कायदा केला, तोही इतर राज्यांना सुचण्याआधी. कायदा चांगलाच आहे. पण कोयना धरण साठच्या दशकातलं, आणि तिथली माणसं या शतकातही आपल्या जमिनींसाठी धरणं धरून बसली. बँकेच्या भाषेत याला उचंत खातं म्हणतात. कुठं टाकावी हे न कळलेली रक्कम तिथं ठेवतात आणि साहेब बदलेपर्यंत तिच्याकडे बघत नाहीत.

त्याहून जुनं उदाहरण मुळशीचं. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यात पडले आणि ‘सेनापती’ होऊन बाहेर आले. धरण मात्र झालंच. आज त्याच तळ्याकाठी पुण्याची मंडळी रविवारी भाजलेलं कणीस खातात. कणीस खाणारा वाईट माणूस असतो असं मी म्हणत नाही. त्याला ठाऊक नसतं, एवढंच. पण ठाऊक झाल्यावर कणीस तसंच लागतं का, हा खरा प्रश्न आहे. आणि तो पुणेकरांना विचारायचं धाडस मला नसल्यामुळे मी कॅशिअरला विचारला.

कॅशिअर विचारवंत नाही, म्हणून त्याचं उत्तर फार अडचणीचं असतं. तो म्हणाला, “मग आंघोळ बंद करा.”

“म्हणजे?”

“२०२३ च्या दिवाळीत थेट पाइपलाइनचं पाणी आलं, तवा पेढे वाटलासा का न्हाई? ते काळम्मावाडीचंच की. तिथं काय गावं न्हवती? रोज दोन बादल्या त्या पाण्यानं आंघोळ करतासा, आणि तंबू ठोकायला तेवढं मन खातंय व्हय?”

यावर मला दोन दिवस उत्तर सुचलं नाही. वाटेत लागणारी दूधगंगा ती हीच. काळम्मावाडीला अडवून उरलेली. म्हणजे सरहद्द ओलांडण्यापूर्वीच आमचा हिशेब तुंबलेला होता. आंघोळ न करणं हा तोडगा नैतिकदृष्ट्या कितीही उंच असला तरी काउंटरवर बसणाऱ्याला परवडत नाही.

तिसऱ्या दिवशी वाटलं, फरक आहे. आंघोळ करताना आपण नळाकडे बघतो आणि नळाला काही सांगायचं नसतं. तंबू ठोकायचा म्हणजे तळ्याकडे बघायला जायचं. जो पाणी वापरतो आणि कधी बघायला जात नाही, त्याच्यापेक्षा जो जातो तो बरा की वाईट? कर्ज घेऊन गाव सोडणारा आणि कर्ज घेऊन बँकेसमोरून रोज नमस्कार करत जाणारा, यांत मला दुसरा बरा वाटतो. फेडत दोघेही नाहीत, पण दुसऱ्याचा पत्ता तरी माहीत असतो. तरुण अधिकाऱ्यानं सांगितलं की दोन्ही खाती बुडीतच धरायची, तसं परिपत्रक आहे. त्याचं अजून लग्न नवं आहे.

शेवटी मामांनाच विचारलं. म्हटलं, “मामा, तुमच्या तळ्यावर लोक सहलीला येतात, तंबू ठोकतात. तुम्हाला राग येतो का?”

मामांनी थोडा विचार केला. “राग कशाचा? दर मे महिन्याला पाणी उतरलं की मी जातो. आमचा उंबरा बघतो, येतो. माणसं असली तर बरं वाटतं, एकट्याला तिथं लई गप गप वाटतंय. फकस्त...”

“फक्त काय?”

“बाटल्या फोडू नयेत. आणि तंबूच्या खुंट्या पाराच्या जागी ठोकू नयेत.”

“आता पार कुठं होता हे आम्हाला कसं कळणार?” कॅशिअर म्हणाला.

“चपला काढून चालायचं,” मामा म्हणाले. “गाळाखाली फरशी असली की पायाला कळतंय.”

समितीत पुन्हा वाद झाला. ऑक्टोबरात तळं काठोकाठ भरलेलं असतं, फोटो चांगले येतात, भाच्याला पाठवता येतात. मे महिन्यात सगळा चिखल, भेगा आणि डोक्यावर ऊन. पण हुन्नूरचं देऊळ बाहेर असतं. कॅशिअरनं स्वतःहून मे म्हटलं, आणि कारण विचारल्यावर ऑक्टोबरात बुलेट ओढत नाही असं सांगितलं.

तेव्हा मे महिन्यातला दुसरा शनिवार नक्की झाला आहे. मामाही येणार आहेत. त्यांना ते देऊळ बघायचंय. बुलेटवर मागं बसायला मात्र ते तयार नाहीत, एस.टी.नं संकेश्वरपर्यंत येतो म्हणतात, त्या दिवशी ती सरहद्दीवर अडकली नाही तर.