विचारलं म्हणून कळलं

गडचिरोलीत दवाखाना काढण्याआधी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींनाच विचारलं, की सरकारी इस्पितळात जायला तुम्ही का बिचकता? उत्तरं मेडिकल कॉलेजात शिकवली जाणारी नव्हती. पांढऱ्या कपड्यांतल्या डॉक्टर-नर्सची भीती वाटते, पांढरं तर प्रेताला गुंडाळतात. पेशंट आत आणि घरचे बाहेर, हेही कुणाला पटत नव्हतं. मग बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेच्या शोधग्राम या परिसरात आदिवासी वस्तीसारखा दवाखाना उभा राहिला. पेशंटसोबत नातेवाईकांनाही राहायला जागा मिळाली आणि नाव दिलं गेलं आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं.

जो दवाखान्यात येतच नाही, त्याची तक्रार कुठल्याच रजिस्टरात चढत नाही. आरोग्यातली विषमता अशी कागदावर दिसेनाशी होते.

उपचारांच्या सुरक्षिततेचंही तसंच आहे. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगावर पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या कॅनामायसिनच्या इंजेक्शनांनी कान कायमचे जाऊ शकतात. कानात पहिली शिट्टी वाजते ती पेशंटच्या, डॉक्टरांच्या नव्हे. ती लगेच सांगायची असते हे त्याला माहीतच नसेल, तर पुढच्या तपासणीपर्यंत उशीर झालेला असतो. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघींनी क्षयरोगाच्या उपचारांत श्रवणशक्ती गमावली. बेडाक्विलिन या गोळीमुळे अशी इंजेक्शनं टाळता येतात, पण तिची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. या गोळीवरची मक्तेदारी २०२७पर्यंत लांबवू पाहणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनच्या पेटंट अर्जाला दोघींनी २०१९मध्ये हरकत घेतली. मार्च २०२३मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला.

अशी जिद्द प्रत्येक आजारी माणसाकडून मागणं अन्यायाचं आहे. ऐकण्याची सोय व्यवस्थेनेच करायला हवी. महाराष्ट्रात २००७पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा गावकऱ्यांनी आरोग्य केंद्रांना हिरवा, पिवळा, लाल असे शेरे दिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना जाब विचारला. राज्याच्या २०२१च्या नियमांनी खासगी रुग्णालयांत रुग्णहक्कांची सनद लावणं बंधनकारक झालं. पण सनद वाचता न येणाऱ्यालाच तिची गरज जास्त असते.

म्हणून ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत पुढाऱ्याच्या शेजारी डायलिसिसला येणारा शेतमजूर आणि नुकतीच बाळंत झालेली बाई यांनाही खुर्ची द्या, त्यांचा बुडालेला रोज भरून द्या आणि त्यांच्या तक्रारीवर काय केलं ते पुढच्या बैठकीत त्यांनाच सांगा.