माहुलीनंतर

बसा. बेंगळुरूत असाल तर मल्लेश्वरमला काडू मल्लेश्वराच्या देवळात बसा, तिथे 1669 सालच्या शिलालेखात एकोजीराजांचं दान कोरलेलं आहे. नाहीतर घरातली नेहमीची खुर्चीही चालेल. पाठ टेका. श्वास येतोय तसा येऊ द्या.

आता हातून जे गेलं ते आठवा. नोकरी असेल, माणूस असेल, वर्षानुवर्षं खपून उभं केलेलं काही असेल. खोलात शिरू नका. मनात नुसतं त्याचं नाव घ्या आणि थांबा.

त्या नावाशेजारी एकोजीराजांच्या वडिलांना, शहाजीराजांना, बसवू या.

1633 मध्ये दौलताबाद पडलं. निजामशाही संपली असं सगळ्यांनी धरलं, शहाजीराजांनी धरलं नाही. संगमनेरजवळच्या पेमगिरीवर त्यांनी निजामाच्या घराण्यातलं एक मूल गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने तीन वर्षं झुंज दिली. मग मोगल आणि आदिलशहा एक झाले. 1636 मध्ये माहुलीच्या किल्ल्याला वेढा पडला आणि ते मूल मोगलांच्या हवाली करावं लागलं.

इथे थोडं रेंगाळा. ज्याच्यासाठी लढलो त्यालाच आपल्या हाताने सोपवायचं. शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग दोन ओळींत उरकतो. आपल्या घरातही तसंच होतं, 'झालं गेलं विसर' म्हणून लोक पुढचं बोलायला लागतात. तुम्ही विसरू नका. त्या दिवशी गडाखाली उतरणाऱ्या माणसाबरोबर चार पावलं चाला.

पुढे आदिलशाहीची चाकरी आणि कर्नाटकची स्वारी. 1638 च्या सुमारास रणदुल्लाखानाच्या फौजेने केंपेगौडांच्या वंशजाकडून बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आलं. एकाला जिथे नवी सुरुवात मिळाली, तिथे दुसऱ्याचं सगळं गेलं होतं. हेही मनात राहू द्या, ते टाळून पुढे जाणं मला खरं वाटत नाही.

चाळिशी उलटलेली, मुलूख नवा, कानावर कन्नड. अशा ठिकाणी राजांनी काय केलं? माणसं जमवली. जयराम पिंड्ये हा कवी त्यांच्या भेटीला आला, त्याने पुढ्यात बारा नारळ मांडले. बारा कशाला, असं राजांनी विचारलं. तो म्हणाला, मला बारा भाषांत कविता करता येते. राजांनी त्याला ठेवून घेतलं. त्याच्या 'राधामाधवविलासचंपू'त हा दरबार आजही वाचायला मिळतो.

तो क्षण डोळ्यांपुढे आणा. ओळीने मांडलेले नारळ आणि त्यांच्याकडे कुतूहलाने पाहणारा, सर्वस्व हरून आलेला माणूस. माहुलीचं दुःख तेव्हा संपलं होतं असं मी म्हणणार नाही. पण 'बारा कशाला?' हे विचारण्याइतकी जागा त्यांच्या मनात शिल्लक होती. मला बळ दिसतं ते तिथे, तलवारीपेक्षाही तिथे.

जिजाऊ आणि बाल शिवराय बेंगळुरूला येऊन राहिले आणि पुण्याला परतले. राजे दक्षिणेतच राहिले. 1648 मध्ये जिंजीला त्यांना कैद झाली, पुढच्या वर्षी सुटका. नंतर थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या लढाईत गेला. म्हणजे एकदा सावरलं की झालं, असं त्यांच्याही वाट्याला आलं नाही. 1664 च्या जानेवारीत होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून ते गेले. रायगडावरचा राज्याभिषेक अजून दहा वर्षं दूर होता.

श्वास घ्या. सोडा.

आता आपल्या त्या नावाकडे या. ते परत मिळेल का, हा प्रश्न आजच्यापुरता बाजूला ठेवा. गेल्या काही महिन्यांत तुमच्या दाराशी कोण येऊन गेलं ते आठवा. शेजारी असेल, ऑफिसातलं नवं कुणी असेल, जुनी मैत्रीण असेल. तुम्ही दुःखात होतात म्हणून त्या माणसाला काहीच विचारलं नाहीत. चेहरा डोळ्यांपुढे येईपर्यंत बसून राहा. आला की उठा आणि त्याला फोन लावा.