रिणाची चिंता आणि नामाचा धीर

॥ श्रीज्ञानदेव-तुकाराम ॥

दिवाळी झाली, भात झोडून घरात आले, कार्तिकी एकादशी झाली, की डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवरची बरीच घरे कुलूप लावून बाहेर पडतात. कोणी वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो, कोणी होडीवर खलाशी म्हणून, कोणी वापी-उंबरगावच्या कारखान्यांत. गेल्या वर्षी त्याच दिवसांत तलासरी तालुक्यातील एका पाड्यावर आमचे कीर्तन होते. आरती झाली, प्रसाद वाटला, मंडळी पांगली. एक माळकरी गृहस्थ मात्र खांबाशी टेकून बसून राहिले. आम्ही विचारले, "का हो बाबा, घरी नाही जायचे?"

ते म्हणाले, "महाराज, टाळ हातात असतो तोवर बरं वाटतं. घरी गेलं की झोप नाही. भट्टीची उचल घेतली ती पोरीच्या लग्नात गेली. दुकानाची उधारी आहे. मंडळींच्या गटाचा आठवड्याचा हप्ता आहे. नाम घेतो, पण नामातही हप्ताच दिसतो."

"सगळे मिळून देणे किती?"

"ते नाही सांगता येत, महाराज. मोजायचीच भीती वाटते."

या शेवटच्या बोलावरच आजचे निरूपण आहे. पैशाची चिंता गरजेतून जन्मते हे खरे, पण ती वाढते न मोजल्याने आणि लपवल्याने. दुसऱ्याला कशाला नावे ठेवावी? आम्हीही मुलीच्या लग्नासाठी रीण काढले आणि दोन वर्षे घरात सांगितले नाही. व्यासपीठावर वैराग्य सांगायचे आणि उतरताना बिदागीचे पाकीट चाचपायचे, अशी आमची गत होती. शेवटी घरातल्या बाईंनीच ओळखले. त्या एवढेच म्हणाल्या, "आकडा सांगा. आकड्याला मी भीत नाही, तुमच्या गप्प बसण्याला भिते." त्या रात्री आम्हाला झोप लागली. रीण फिटायला पुढे चार वर्षे गेली.

येथे कोणी शंका घेईल की, महाराज, परमार्थात हिशेबाचे काय काम? तुकोबारायांनी तर खतपत्रे इंद्रायणीत सोडली. मग आपणही देणे विसरून नाम घ्यावे.

समाधान ऐका. तुकोबारायांनी बुडवले ते लोकांकडून येणे होते. लोकांचे देणे त्यांनी बुडवले नाही. घरी वाण्याचा व्यवहार आणि सावकारी होती. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, त्यात पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांना देऊन महाराजांनी आपल्या वाट्याची खते नदीत सोडली, असे परंपरा सांगते. म्हणजे भुकेचे दुःख ज्याने घरात पाहिले, त्याने दुसऱ्याच्या भुकेवरचा आपला हक्क सोडला. हा धडा धनकोसाठी आहे.

ऋणकोचा धडा नाथमहाराजांकडे घ्यावा. देवगिरीस जनार्दनस्वामींनी त्यांना हिशेबाला बसवले. एका पैची चूक सापडेना. दिवा लावून नाथ रात्रभर वही चाळत बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीने एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! या कथेतला परमार्थ आपण नेहमी सांगतो. पण नाथांनी वही मिटली नाही, दिवा लावला, हेही पाहावे. नाम हा तो दिवा आहे. वही न पाहण्यासाठी नाम नाही. वही पाहण्याचा धीर यावा म्हणून नाम आहे.

याच मुलुखाची एक गोष्ट आहे. येथे पूर्वी लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेणारा गडी बायकोसह त्याच्या घरी राबे. त्याला लग्नगडी म्हणत. रीण कधी फिटत नसे, कारण वही सावकाराची आणि अक्षरही त्याचेच. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी व शामराव परुळेकर या किसान सभेच्या मंडळींनी ती सभा घडवली. त्यांचा मार्ग आमचा नव्हे; पण एकेकटा भ्यालेला माणूस चारचौघांत दुःख बोलला की ताठ उभा राहतो, हे तेथे दिसले. आपले कीर्तन तरी दुसरे काय करते?

आता धर्म काय सांगतो ते पाहू. जन्माला येताना माणसावर देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन रिणे सांगितली आहेत. मांडव, बँड आणि पाचशे पाने यांचे रीण चौथे म्हणून कोठेही सांगितलेले नाही. ते आपण मानापायी काढतो आणि नाव धर्माचे सांगतो. वारकऱ्यांनीही दिंडीच्या भिशीसाठी व्याजाने पैसे काढू नयेत. सावता महाराज अरणात मळा राखत राहिले, तेव्हा देवच त्यांच्याकडे आला, असे आपण सांगतो ना?

उलट दामदुपटीचा नियम शास्त्रात आहे: पैशाचे व्याज मुदलाच्या वर जाऊ नये. राजशासनही पाठीशी आहे. उचलीच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे आणि तसले रीण उरतच नाही. दाद तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी यांच्याकडे मागावी. परवान्यावाचून सावकारी करणे २०१४ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे करावी. मोबाईलवर झटकन मिळणारे कर्ज घेऊन जुना हप्ता भरू नये. त्याने चिंता एक दिवस झोपते आणि दुप्पट होऊन उठते.

असो. त्या रात्री आम्ही कीर्तनाच्या पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्या गृहस्थांकडून एकेक देणे लिहून घेतले. मुलगा मंडळींना बोलावून आला. त्या माउलीने पदर सावरून यादी ऐकली आणि म्हणाली, "दुकानाचं मला ठाऊक होतं. उचलीचं नव्हतं." थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तिनेच विचारले, "आधी कोणतं फेडायचं?" रीण एका पैनेही कमी झाले नव्हते, पण आता ते दोघांचे होते. जाताना त्या गृहस्थांनी पत्रिका घडी करून बंडीच्या खिशात ठेवली.

भाविकहो, येत्या एकादशीला देवापुढे बसण्याआधी आपली वही घरच्यांपुढे उघडा. आणि ज्याचे येणे असेल त्याने दारात उभ्या असलेल्या माणसाचे तोंड एकदा नीट पाहावे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल ॥