गळ्याचंही नाव घ्यावं

आळंदी आणि देहू यांच्यामध्ये वसलेल्या मोशीत भजनाला तोटा नाही. एकादशीच्या रात्री देवळात बसलं की एक गंमत ध्यानात येते. अभंग उचलतो बुवा. चाल लावतो, आवाज वर नेतो, टाळकऱ्यांच्या हाती धृपद देतो. पण ऐकणाऱ्यांचे मोबाईल वळतात ते पखवाजाकडे. एका तोंडाला शाई, दुसऱ्याला ओली कणीक, आणि त्यांवर नाचणारी बोटं. बोटं दिसतात, सूर दिसत नाही. भजन संपल्यावर उठता उठता लोक म्हणतात, "पोरानं काय वाजवलं!" बुवा तोवर उपरण्यानं घाम पुसत वीणा जागेवर ठेवत असतो.

पुढे उभं राहून गाणाऱ्याला त्याच्याच साथीदारांनी झाकून टाकावं, हे भजनापुरतं नाही. आज 1 ऑगस्ट, शाहीर अण्णाभाऊ साठे यांची जयंती. मोशीहून स्पाईन रोडनं निगडीला गेलं की अण्णाभाऊंच्या पुतळ्यापाशी आज गर्दी दिसेल, हलगी ऐकू येईल. आणि ते योग्यच आहे. पण ज्या फडात अण्णाभाऊ उभे राहिले, त्या फडाचा गळा कोण होता, हे त्या गर्दीतल्या किती जणांना सांगता येईल?

1944 साली मुंबईत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. त्यात तिघं होते : अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. अण्णाभाऊंची लेखणी होती, आणि अमर शेखांचा तो पहाडी आवाज. गिरणगावच्या मैदानांत हजारो माणसं त्या आवाजानं जागेवर खिळून राहत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगावच्या सभा याच गळ्यावर पेटल्या. अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड छापून घरोघर पोचली नाही. ती गाऊन पोचली. पोटासाठी मुंबईला आलेला आणि बायकोला गावी ठेवून आलेला गडी तिच्यात बोलतो. चाकण-भोसरीच्या कारखान्यांसाठी सोलापूर, लातूर, बीडकडून येऊन मोशीत खोली घेऊन राहणाऱ्याला ती आजही परकी वाटणार नाही.

अमर शेखही असेच पोटामागे फिरलेले. बार्शीचे, मूळ नाव महबूब हुसेन पटेल. जन्म 20 ऑक्टोबर 1916. आई मुनेरबी ओव्या गायची, ते गाणं लेकानं उचललं. मोटारीवर क्लीनर झाले, गिरणीत राबले, संपात उतरले, तुरुंगात गेले. पुढे 'कलश' आणि 'धरतीमाता' हे कवितासंग्रहही त्यांच्या नावावर आले. म्हणजे हा माणूस नुसता दुसऱ्याचे शब्द म्हणणारा नव्हता.

मग मागे का पडला? एक कारण साधं आहे. लिहिलेलं कागदावर राहतं, पुन्हा पुन्हा छापलं जातं, अभ्यासक्रमाला लागतं. अण्णाभाऊंची 'फकिरा' ही कादंबरी आजही दुकानात मिळते. मैदानात गायलेलं गाणं मैदान रिकामं झालं की संपतं. ऐकणारी पिढी गेली की आठवणही जाते. दुसरं कारण जरा बोचरं आहे. आपल्याकडे जयंत्या बहुतेक वेळा समाजाच्या खांद्यावर चालतात. ज्याचा समाज उभा राहिला, त्याचा मांडव पडतो. बार्शीचा हा मुसलमान शाहीर सगळ्या मराठी मुलखाचा झाला, आणि सगळ्यांचा झाला म्हणूनच वर्गणी गोळा करायला कुणीच पुढे आलं नाही.

इथं अण्णाभाऊंकडे बोट दाखवायचं नाही. त्यांच्या हयातीत त्यांना काय मिळालं? चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून त्यांनी लिहिलं, आणि साहित्यातल्या मोठ्यांनी बराच काळ त्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवलं. 2002 साली टपाल तिकीट निघालं, 2022 साली मॉस्कोत पुतळा बसला; हा मान उशिरा आला, पण हक्काचा आला. त्यातून काही काढून अमर शेखांना द्यायचं नाही. साथीदार मोठा झाला म्हणून गायक लहान होत नाही. लहान होते ती ऐकणाऱ्यांची आठवण. गव्हाणकरांचं तर नावही आज क्वचितच निघतं.

पुण्यात मंगळवार पेठेजवळ शाहीर अमर शेख चौक आहे. मोशीहून पुणे स्टेशनला जाणारे कितीतरी जण तिथून जातात. तोंडी नाव मात्र 'जुना बाजार'. 2018 साली तिथं होर्डिंग कोसळून माणसं गेली, तेव्हा बातम्यांत चौकाचं पूर्ण नाव आलं, आणि अनेकांनी ते तेव्हाच पहिल्यांदा वाचलं असेल. एवढ्या मोठ्या आवाजाची ओळख अपघाताच्या बातमीतून व्हावी, ही आपली उणीव आहे.

1969 च्या 18 जुलैला अण्णाभाऊ गेले. त्याच वर्षी 29 ऑगस्टला इंदापूरजवळच्या मोटार अपघातात अमर शेख गेले. एका फडातले दोन शाहीर दीड महिन्याच्या आत संपले.

म्हणून आज निगडीला हार घालायला जाणाऱ्यांनी एवढं करावं : अण्णाभाऊंच्या जयजयकारानंतर अमर शेख आणि गव्हाणकर ही दोन नावंही मोठ्यानं घ्यावीत. आणि येत्या एकादशीला भजन संपल्यावर पखवाजवाल्याची पाठ जरूर थोपटावी, पण निघण्याआधी दोन पावलं पुढे जाऊन बुवांनाही सांगावं, "आज गळा छान लागला होता."