शीव कुठं लागली?

पहाटे चारला साताऱ्याच्या चहाच्या गाड्यावर थांबलो, तेव्हा गाडीवाल्यानं विचारलं, "एवढ्या लवकर कुठं निघालाय?" सांगली म्हटल्यावर त्यानं चहात थोडं जास्तच आलं टाकलं. कराडला प्रीतिसंगमावर कोवळं ऊन आलं होतं. समोरासमोर येऊन मिळणाऱ्या कृष्णा-कोयना पाहून पुढं निघालो आणि ताकारीच्या अलीकडं सायकलचं मागचं चाक बसलं.

पंक्चरवाल्या काकांनी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून हळूहळू फिरवली. एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ उठली. तिथं बोट ठेवून त्यांनी विचारलं, "कुठनं आलासा?"

"साताऱ्याहून."

"मग आपलंच की!"

एकेकाळी हे 'आपलं' किती तुकड्यांत वाटलेलं होतं! कुठं इंग्रजी मुलूख, कुठं पटवर्धनांची सांगली-मिरज संस्थानं. औंधची राजधानी तिकडं खटाव तालुक्यात आणि त्याच संस्थानाचं कुंडल इकडं. बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी 1910 मध्ये याच कुंडलजवळ कारखान्यासाठी जागा दिली. 1948 मध्ये संस्थानं विलीन झाली. 1949 मध्ये 'दक्षिण सातारा' जिल्हा निघाला आणि 1960 मध्ये तो 'सांगली' झाला. कागदावर एवढ्या रेघा ओढल्या, पुसल्या. चाकाला त्यातली एकही लागत नाही.

युरोपात डॅन्यूबच्या काठानं जाणाऱ्या सायकलस्वारांनाही हेच जाणवत असेल. व्हिएन्ना ते ब्रातिस्लावा हे अंतर सातारा-कराडपेक्षा थोडंच जास्त. 1989 पर्यंत तिथं काटेरी तारा होत्या, पहारे होते. 2007 च्या डिसेंबरात सीमेवरची तपासणीही थांबली. आता सायकलवाले न्याहारी एका देशात करतात आणि दुपारचं जेवण दुसऱ्यात. आपल्याकडचंही उदाहरण आहे: 1923 मध्ये मुंबईहून सायकलवर जगप्रदक्षिणेला निघालेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा जवळपास साडेचार वर्षांनी परतले. एवढा मुलूख त्यांनी ओलांडला तो एकेक पायडल मारत, एकेका गावात पाणी मागत.

मोटारीतून जाताना दोनच गावं असतात, निघण्याचं आणि पोचण्याचं. सायकलवर मधलं प्रत्येक गाव अंगावरून जातं. त्याचा चढ गुडघ्यांना कळतो, गुऱ्हाळाचा वास नाकाला कळतो आणि तिथल्या माणसाशी दोन शब्द बोलल्याशिवाय पाणी मिळत नाही. ज्याच्याकडं पाणी मागितलं, त्याला परका कसं म्हणणार?

सांगलीत आयर्विन पुलावर थांबलो, तेव्हा एकच प्रश्न मनात होता. सकाळचं 'निघालाय' नेमक्या कुठल्या गावात 'आलासा' झालं? खूप आठवून पाहिलं. वाटेत तसा एकही दगड लागला नव्हता.