वाट पाहण्याचे धैर्य

'रक्ताचा कर्करोग' हे शब्द कानी पडताच माणूस हादरतो. परंतु त्याहून चक्रावून टाकणारे वाक्य डॉक्टर पुढे उच्चारतात : "तूर्त औषध नको." क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या आरंभीच्या अवस्थेत असे घडते. रोग्याला त्रास नसतो. एरवीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळतात. मग घरात प्रश्न उभा राहतो : शत्रू उंबरठ्याशी आला असता स्वस्थ बसणे ही हयगय नव्हे काय?

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचण्यांनी दाखवून दिले की, अशा रुग्णांना क्लोरॅम्ब्युसिल हे औषध लवकर दिल्याने त्यांचे आयुष्य वाढले नाही. काहींना तर जन्मभर औषधाची गरज पडत नाही. तेव्हा हात राखणे हाही उपचारच होय. केवळ आपले भय शमावे म्हणून शरीरावर जहाल औषधाचा मारा करणे, यास शौर्य म्हणता येणार नाही.

मात्र ठरल्या वेळी रक्त तपासणे, ताप अंगावर न काढणे, रात्रीचा घाम, घटते वजन व मानेतील गाठी यांकडे लक्ष ठेवणे, हे रोग्याचे कर्तव्य उरतेच.

आणि घरच्यांचे? त्यांनी सत्य लपवू नये. तसेच रोग्याला जिवंतपणीच मृतांत गणू नये. त्याच्या हातचे काम काढून घेणारी दया त्याला रोगाआधीच अंथरुणाला खिळवते. उद्याची हमी निरोगी माणसालाही नाही; रोग्याला ते कळून चुकले आहे, इतकेच. म्हणून आजचे काम आणि आजचे बोलणे दोघांनीही उद्यावर टाकू नये.