थांबण्याची मुभा

पहिला पाऊस पडून वाफसा आला, की काळ्या मातीला हात लावल्याशिवाय राहवत नाही. मीही रविवारी सकाळी कुदळ घेऊन परसात उतरलो. वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस. पण सगळे वाफे उरकूनच आंघोळ करायची, असा हट्ट. दुपारी वाफे झाले, संध्याकाळी कंबर धरली. चपलेत पाय सरकवायलाही भिंत लागली.

दुसऱ्या दिवशी सावंगी (मेघे)च्या रस्त्याने जाताना नेहमीचीच पाटी दिसली : आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. त्या दिवशी ते नाव वाचून ओशाळलो. कुदळ कशी चालवावी हे ज्याने आपल्या दुबळ्या शरीराकडूनच शिकून घेतले, तो माणूस इथून जवळच, पवनारला राहत होता.

साल १९३८. विनोबांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे जेमतेम चाळीस किलोवर आले होते. गांधीजींनी हवापालट सुचवला. विनोबांनी थंड हवेचे ठिकाण न निवडता धाम नदीकाठचा जमनालाल बजाज यांचा बंगला निवडला. तिथे त्यांनी खणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी अगदी काही मिनिटे, मग रोज थोडी थोडी वाढवत. खणतानाही मध्येच क्षणभर थांबायचे, दम घ्यायचा, पुन्हा कुदळ उचलायची. काही महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेले.

डॉक्टर आज वेगळे काय सांगतात? स्नायूंना सवय हळूहळू लागू द्या. एकाच कामाला जुंपून न घेता थोडे खणा, थोडे पाणी द्या. घमेले उचलताना गुडघे वाकवा, ओझे अंगाजवळ धरा, उचलल्यावर कमरेतून पिळू नका. खुरपताना बुडाखाली पाट घ्या. उन्हं तापायच्या आत आटोपा. धनुर्वाताची लस घेतलेली असू द्या. त्याचे जंतू मातीतच असतात. यातले मला काहीच नवे नव्हते. तरी थांबलो नाही, कारण थांबणे म्हणजे हरणे वाटले. झाडाच्या फांदीला जपून कात्री लावणारे आपण स्वतःच्या पाठीशी मात्र दांडगाई करतो. अहिंसेची सुरुवात तिथूनही व्हायला हवी.

पण कंबर शेकत पडलो असताना आणखी एक गोष्ट मनात आली. विनोबांना थांबता येत होते, कारण त्यांच्या डोक्यावर मुकादम नव्हता. मलाही येत होते; मीच थांबलो नाही. आमच्याकडे निंदणाला येणाऱ्या बाया मात्र दिवसभर तासाला लागून ओणव्या असतात. त्यांच्याही पाठीला मणके आहेत. बाई क्षणभर उभी राहून कमरेवर हात ठेवते, तेव्हा बांधावरून आपण काय म्हणतो? 'चला, आटपा.' पाठ जपण्याचा सल्ला तिला देऊन भागत नाही. तो पाळायची मुभा मालकाने द्यायची असते, मजुरी न कापता.

पुढच्या निंदणाला लांब दांड्याचे खुरपे आणायचे ठरवले आहे. आणि बाईंनी कंबर सरळ केली, की घड्याळाकडे न बघता पाण्याचा तांब्या पुढे करायचा.